ब्रेक दोनदा दाबायचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. आणि ज्यांना सांगायला हवं ते माझे वडील, अण्णा, बरकतपुऱ्यातल्या आमच्याच घरात, शेजारच्या खोलीत बसलेले असतात. त्यांना तर नाहीच.

मला मोटरसायकलीत फेरफार करायचा नाद. माझ्या जुन्या गाडीला मी एका मोठ्या मोटरसायकलीचं पुढचं चाक बसवलं, डिस्क ब्रेकही तिचाच. "कंपनीच्या ब्रेकला हात लावू नको रे," अण्णा म्हणाले होते. मी हसलो होतो.

बसवल्यावर कळलं — कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारा तो चिमटा, सरळ बसतच नव्हता. डिस्क एका बाजूला घासायची. मी वॉशर घातले, काढले, पुन्हा घातले. घासणं कमी झालं, पण डिस्क काही मधोमध आली नाही. ब्रेकचा लिव्हर पहिल्या दाबाला पोकळ जायचा. दुसऱ्यांदा दाबला की मग पकडायचा. मी दोनदा दाबून चालवत होतो. सवय झाली होती — पण ती माझ्या हाताला ना?

एका सकाळी अण्णांची स्कूटर पंक्चर झाली. त्यांना अफझलगंजच्या लायब्ररीत जायचं होतं. मी ऑफिसच्या कॉलवर. त्यांनी दारातून माझ्या गाडीची किल्ली दाखवत विचारलं, "ब्रेक बसला का नीट?"

काय सांगणार होतो? की तुमचं खरं होतं, मला जमलं नाही?

"हौ अण्णा, एकदम."

लायब्ररीच्या अलीकडे पुढची ऑटो अचानक थांबली. अण्णा तिच्यावर आदळले. गुडघा मोडला. ऑटोवाल्यानंच त्यांना दवाखान्यात आणलं. तो मला सांगत होता, "चाचा ब्रेकच नै मारे, साब." आणि अण्णा पडल्या पडल्या म्हणत होते, "मारला रे. लागलाच नाही." आई माझ्याकडे बघत होती — गाडी माझी, खरं काय ते मलाच ठाऊक असणार.

मी म्हणालो, "अण्णा, घाईत क्लच दाबला असेल तुम्ही."

इथवर घाबरून बोललो असं म्हणता येईल. पण पुढचं?

अण्णांचं ऑपरेशन झालं त्या दुपारी मी लेथवाल्याकडे उभा होतो. कॅलिपर ज्यावर बसतो ते ब्रॅकेट घासून घेतलं, मधल्या फटीसाठी बरोबर मापाचा स्पेसर करून घेतला, सगळं परत बसवलं. डिस्क मधोमध फिरू लागली, कुठेही न घासता. इतके महिने जे टाळलं ते एका दुपारीत झालं.

घरी आल्यावर अण्णा वॉकर धरून अंगणात गेले. गाडीपाशी थांबून त्यांनी ब्रेक दाबला. लिव्हर कडक. पुन्हा दाबला.

"म्हणजे माझाच हात चुकला," ते म्हणाले.

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी बोललो — "वय होतं, अण्णा."

पुढे त्यांनी स्कूटर विकून टाकली. ज्यांनी लहानपणी मला स्कूटरवर पुढ्यात उभं करून हे सगळं शहर दाखवलं, ते आता आबिड्सला जायचं म्हटलं तरी मला विचारतात, "तुला वेळ आहे का?" बऱ्याचदा मी नाही म्हणतो. त्यांना मागे बसवून त्या रस्त्यानं जाणं मला झेपत नाही.

परवा ते जुन्या मित्राशी फोनवर बोलत होते. "नाही रे, मी आता चालवत नाही. त्या दिवशी माझ्या हातून कुणाचा तरी जीव गेला असता."

मी दारातच होतो. त्यांनी मला पाहिलं, हसून हातानं बस म्हणून खूण केली.

मी बसलो.