पिक्चरमधले शेंगोळे

चहा घेत घेत ऐका. एकदा माझ्यामुळं तीन माणसं एकदम रडली. मी त्यांना बोललो नाही, दुखवलं नाही. फक्त जेवायला घातलं.

माझी बायको शालन मागच्या वर्षी गेली. तीन दिवसांचं आजारपण, बास. मग कोल्हारच्या घरात मी एकटा. मुलगी मनीषा श्रीरामपूरला दिलेली, मला आप्पा म्हणते. आप्पा दिवसभर शेतात असतात आणि संध्याकाळी पडवीत नुसते बसून राहतात, याची तिला काळजी. म्हणून एका दुपारी तिनं मला श्रीरामपूरला पिक्चरला नेलं. एका नावाजलेल्या स्वयंपाकिणीची खरी गोष्ट होती, पण सगळी हसत-खेळत सांगितलेली.

काय सांगू, फार दिवसांनी इतका रमलो. ती बाई लग्न होऊन येते तेव्हा तिला चूलसुद्धा पेटवता येत नाही. भाकरी थापताना परातच उलटी करते, आणि सासूकडं असं बघते की जणू परातीनंच आगळीक केली. मी इतका हसलो की पुढच्या रांगेतल्या बाईनं दोनदा वळून बघितलं. मनीषा तर पिक्चर सोडून माझ्याकडंच बघत होती.

मग ती बाई शेंगोळे करायला बसली. हुलग्याचं पीठ मळायचं, बोटाएवढे वळायचे आणि उकळत्या फोडणीत सोडायचे. आमच्या शालनचा त्यात हातखंडा होता. ती गेल्यापासून शेंगोळे माझ्या तोंडात गेले नव्हते, आणि कसे करतात ते तिला कधी विचारलंही नव्हतं. खिशात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अंधारातच लिहायला लागलो. चिमूटभर लसूण. तीन मुठी तिखट. थेटरात हशा चालला होता, पण मी लिहिण्यात गुंतलेलो. लोक हसतायत कशाला, हे काही डोक्यात आलं नाही.

एवढं हसल्यावर माझ्या वयाच्या माणसाचं काय होणार? मला लघवीला बाहेर जावं लागलं. परत आलो तर लोक पोट धरून हसत होते.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"सांगते नंतर. बगा तुमी," मनीषा डोळे पुसत म्हणाली. नंतर ती विसरली आणि मीही विसरलो. शेवटी त्या बाईचा मोठा सत्कार होतो, लोक बोटं चाटत तिचे शेंगोळे खातात. मी खिशातली पत्रिका चाचपून बघितली.

शालनचं वर्षश्राद्ध रीतसर झालं. त्यानंतरच्या रविवारी मी मनीषाला, जावयाला आणि शालनच्या थोरल्या बहिणीला जेवायला बोलावलं. त्या राहात्याला असतात, आम्ही त्यांना आक्का म्हणतो. स्वयंपाकघरात कुणालाही येऊ दिलं नाही. पिक्चरमध्ये बारा माणसांना तीन मुठी, आम्ही चौघं, म्हणून मी एकच मूठ घातली. फक्त त्या बाईची मूठ आणि आयुष्यभर खोरं धरलेल्या माणसाची मूठ यात फरक असतो, हे लक्षात आलं नाही.

आक्कांनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. डोळे भरून आले.

"आक्का, शालनची आठवन आली न्हवं?"

त्यांनी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला.

जावई तर नाक पुसायला लागला. सासूवर याची एवढी माया होती, मला माहीतच नव्हतं. "जावईबापू, लाजू नका. रडून घ्या," म्हणालो. त्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. मी हात बाजूला करून आणखी एक डाव वाढला.

"आप्पा, पानी," मनीषा कसंबसं म्हणाली.

"देतो. आदी खाऊन घे. तुज्या आईला लई बरं वाटत आसंल."

तिनं आणखी एक घास खाल्ला. खरं सांगतो, तिघांतल्या एकानंही तक्रार केली नाही. माझा चेहरा इतका खुलला होता म्हणे, की त्यांना धीरच झाला नाही.

शेवटी आक्कांनी तांब्या तोंडाला लावला, अर्धा रिकामा केला आणि विचारलं, "पाव्हनं, हे कुनी शिकवलं तुमाला?"

"पिक्चरमधल्या बाईनं." मी पत्रिका पुढं केली.

मनीषानं ती वाचली. "आप्पा, सासू म्हनली हुती तीन मुठी लसून, चिमूटभर तिखट. तिनं उलटं ऐकलं. तोच तर इनोद हुता. तुमी बाहेर गेल्ता तवा समदी पंगत इहिरीकडं पळत हुती."

मला पटेना. एवढी नावाजलेली बाई चुकेल कशी? मी स्वतः एक शेंगोळा तोंडात टाकला. जीभ कुठं आहे तेच कळेना. मी तांब्याकडं धावलो, तांब्या आक्कांच्या हातात. मग मात्र तिघंही हसत सुटले, आणि त्यांच्याबरोबर मीही.

"वाढायच्या आदी चव बगितली न्हाई व्हय?" आक्कांनी विचारलं.

चव. शालन रोज मला चव बघायला लावायची. तळहातावर थेंबभर रस्सा घेऊन यायची, "मीठ बगा जरा." मी पेपरातून मान न काढता म्हणायचो, "हाय बरोबर." बत्तीस वर्षं. कितीदा तर चाखलंच नाही. ती तशीच हात पुढं करून उभी राहायची आणि मग परत चुलीकडं जायची.

हसता हसता माझ्या डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना. ती गेली त्या दिवशीसुद्धा मी असा रडलो नव्हतो.

"लईच झोंबलं पाव्हन्यास्नी," म्हणत आक्कांनी माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "चगळा, उतरंल आत्ता." जावयानं पंखा वाढवला. मनीषा हसत हसत पाठीवर हात फिरवत होती.

तिखट तर मघाशीच उतरलं होतं. पण ज्याला तिखटाचं रडणं आणि आठवणीचं रडणं यातला फरक कळला नाही, त्यानं आता कुठल्या तोंडानं सांगायचं? मी मुकाट्यानं आणखी एक खडा मागून घेतला.