ताटांचं आभाळ

म्हैस आणि स्टीलची ताटं एकमेकांच्या नजरेस पडतील अशी ठेवू नयेत, हे मला लग्नाआधी कुणीही सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं. पदर कसा घ्यावा, सासूशी किती बोलावं, न फुगलेली भाकरी फुगलेलीच्या खाली कशी लपवावी. म्हशीचा विषयच निघाला नाही. जयसिंगपूरला आमच्याकडं दूध रतिबानं यायचं. म्हैस मी लांबूनच पाहिलेली.

कोल्हापुरातलं आमचं स्वयंपाकघर म्हणजे कोरडी विहीर होती. पश्चिमेला परसाकडं उघडणारं एक दार, एक खिडकी, आणि धुरानं काळ्या झालेल्या भिंती. त्या अंधारात सासूबाईंची (त्यांना मी आत्याबाई म्हणायची) भांडी दडून बसलेली. ताटं फळीवर पालथी, डाव-उलथनी मडक्यात उभी, पितळेची चरवी चुलीमागच्या कोनाड्यात. आत्याबाई कशाकडंही न बघता हात घालायच्या आणि हवं ते भांडं हातात यायचं. मी तिथंच हात घातला तर झुरळ आलं.

घरोघरी पितळ मोडीत घालून स्टील घ्यायचे ते दिवस. माझ्या वडिलांनी लग्नात स्टीलची ताटं, वाट्या आणि भिंतीला टांगायची मांडणी दिली होती. ती सगळी माया पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडलेली. थंडीच्या तोंडाला मी हट्ट धरला. आत्याबाईंनी तवा उतरवत एवढंच सांगितलं, "लाव बाई. पर चकचकाटानं पोट भरत न्हाय."

दारासमोरच्या भिंतीवर मांडणी लागली. ताटं तोंडं बाहेर करून रांगेत उभी, खाली वाट्या, त्याखाली आकड्यांना लोंबणारे डाव आणि चमचे. रांगोळीनं घासून घासून मी ती अशी उजळवली, की दुसऱ्या दिवशी ऊन उतरून दारातून आत शिरलं आणि माझ्या विहिरीत आभाळ उगवलं. खरंच सांगते! छतावर, भिंतीवर, पिठाच्या डब्यावर उजेडाचे गोल. वाऱ्यानं डाव हलले की ते गोल चालायला लागायचे. मोठा चंद्र ताटाचा, बारक्या चांदण्या चमच्यांच्या. घर झोपलेलं, कुठंतरी कांडण चाललेलं, आणि मी गार जमिनीवर उताणी. एखादी चांदणी दारातून बाहेर निघून जायची. मला वाटायचं, फिरायला गेली असेल.

ती कुठं जात होती, हे मी उठून बघायला हवं होतं. पण स्वप्नात असणारी माणसं उठत नाहीत.

परसाच्या पलीकडं, आमच्या दाराकडं तोंड करून, शेजारच्या बायाक्कांची म्हैस बांधलेली असायची. बायाक्का एकट्या होत्या आणि त्यांचं सगळं घर त्या म्हशीच्या दुधावर चालायचं. गल्लीतल्या निम्म्या चहाचंही तेच. माझी मांडणी लागली त्याच आठवड्यात म्हशीनं संध्याकाळचा पान्हा चोरायला सुरुवात केली. सकाळी चरवी भरून, संध्याकाळी बायाक्का बसल्या की लाथ.

"सकाळी देतीया, सांजला न्हाय," बायाक्का आमच्या उंबऱ्यावर बसून आत्याबाईंना म्हणाल्या. "म्हस हाय का कचेरी?"

(आमचे हे कचेरीत होते. ते चहा तसाच ठेवून उठले.)

मग उपाय सुरू झाले. पेंड बदलली. खुंटा बदलून झाला, पण परसात दुसरी सावली नसल्यानं म्हैस परत जुन्या जागी आली. कुणी म्हणालं रेडकाला जास्त पाजा, कुणी म्हणालं कमी पाजा. शेवटी जिला अशातलं कळतं अशा एका म्हातारीनं म्हशीभोवती फिरून निकाल दिला की नजर लागलीय, आणि ती त्या घरातनं येतीय. बोट आमच्या दाराकडं. नवं माणूस आमच्याकडं एकच होतं.

मला रडू फुटलं. माझ्या डोळ्यांत असं काही असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी परसाकडं बघणंच सोडलं. दुपारी दाराकडं पाय करायचे, छताकडं तोंड करायचं आणि माझ्या चांदण्यांकडं बघत देवाला सांगायचं, बाबा, त्या म्हशीचं भलं कर. भलं व्हावं म्हणून ताटंही रोज घासायला लागले. आधी एक दिवसाआड घासायची.

महिना गेला. रतीब तुटले. बायाक्कांनी म्हैस विकायची ठरवलं आणि राधानगरीकडचे एक पावणे ती न्यायला आले. सौदा ठरला, चहा झाला. बायाक्का आमच्या दारात आल्या. डोळे सुजलेले, आवाज मात्र नेहमीसारखाच खणखणीत.

"सूनबाई, परक्या घरी चाललीया ती. मला ओवाळून चालत न्हाय, तू सवाष्ण हायस. जरा ओवाळ तिला."

मला भरून आलं. जिच्या नजरेनं म्हैस बिघडली म्हणत होते, तिलाच हा मान! मी मांडणीतलं सगळ्यांत मोठं ताट काढलं, पदरानं पुन्हा पुसलं, त्यात हळद-कुंकू, तांदूळ आणि निरांजन ठेवलं. परसात आले. म्हैस माझ्याकडं बघत होती, मी म्हशीकडं. मावळतीचं ऊन तिच्या पाठीमागून थेट माझ्या ताटात. मी ताट तिच्या तोंडासमोर धरलं आणि हळूच, मायेनं, गोल फिरवलं.

म्हशीनं खुंटा उपसला.

शहाणं माणूस ताट टाकून बाजूला पळालं असतं. मी ताट घेऊन सरळ घरात पळाले, आणि म्हैस माझ्यामागं. मागं बघत पळताना माझा खांदा मांडणीला धडकला. मग जो आवाज झाला तो पावण्यांच्या म्हणण्याप्रमाणं राधानगरीला गेला असणार. मांडणी, ताटं, वाट्या, डाव, सगळं आभाळ खाली आलं. एक वाटी कितीतरी वेळ स्वतःभोवती फिरत राहिली. ती थांबली, तेव्हा घरात अंधार आणि शांतता होती.

म्हैस दारात अडकली होती. पुढची म्हैस आमच्या स्वयंपाकघरात, मागची बायाक्कांच्या परसात. पुढची डोळे मिटून उभी होती. मागं रेडकू येऊन लुचायला लागलं होतं.

"पान्हावली," बायाक्का बाहेरनं हळूच म्हणाल्या, जणू मोठ्यानं बोललं तर परत चोरेल. "आत्या, भांडं द्या. बेगीन."

माझ्या पायाशी भांडीच भांडी होती. वाकून उचलावं तर हाती यायचं ते झाकण, नाहीतर झारा. चुलीपाशी बसलेल्या आत्याबाई जागच्या हलल्याही नाहीत. मागं न बघता त्यांनी कोनाड्यात हात घातला, पितळेची चरवी काढली आणि शेजारच्या खिडकीतून बाहेर दिली. काळोखात धारेचा आवाज सुरू झाला. त्या महिन्यात एवढं गोड मी काही ऐकलं नव्हतं.

चरवी भरली. मग आत्याबाईंनी जमिनीवरचं एक ताट उचललं आणि दारातल्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरलं. उजेडाचा गोल भिंतीवरून सरकत म्हशीच्या डोळ्यावर गेला. म्हशीनं मान झटकली. ताट खाली केलं, म्हैस शांत. पुन्हा वर, पुन्हा मान. आत्याबाई माझ्याकडं वळल्या.

"तुझी नजर बरी हाय गं," त्या म्हणाल्या. "ताटाचीच वाईट हाय."

दुधाची चरवी पाहून पावणे आता वर पैसे द्यायला निघाले. बायाक्कांनी त्यांना त्याच दुधाचा दुसरा चहा पाजला आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून घाईनं वाटेला लावलं.

मांडणी पुन्हा लागली, पण ताटं भिंतीकडं तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरींसारखी. डाव मडक्यात गेले. मोठ्या ताटाला भलामोठा पोचा आलेला, त्यात आमटी एका कडेला पळायची. ते माझ्याच वाट्याला यायचं.

पुढं कधीतरी एका दुपारी आत्याबाई गुडघा चोळत जमिनीवर पडल्या होत्या. मी तांदूळ निवडत बसले होते. बराच वेळ त्या काळ्या छताकडं बघत राहिल्या.

"म्हस नदीवर गेलीया न्हवं?"

"व्हय की."

"मग ते एक ताट फिरव बघू जरा."

मी ते पोचा आलेलं ताट बाहेर तोंड करून लावलं आणि त्यांच्याशेजारी उताणी झाले. छतावर उजेड उमटला, पण गोल नाही. पोच्यामुळं तो फुगलेला, बसका, दोन्ही बाजूंना टोकं आलेला. मला तो ढगाआडून निघणारा चंद्र वाटला. मी तसं म्हणाले.

"कुठला चंद्र," आत्याबाई झोपेच्या आवाजात म्हणाल्या. "म्हस हाय ती. नीट बघ."

मी नीट बघितलं. आत्याबाईंचं बरोबर होतं. उजेड बघून भलतीकडंच निघालेली म्हैस होती ती, आणि शिंगं सोडली तर हुबेहूब माझ्यासारखी दिसत होती.