हिरव्या U मागचा आवाज

मंडळी, आज दुपारी घोटाळा होता होता राहिला.

कर्जतला घरी बसून कॉलेजातलं जुनं प्रोजेक्ट आवरत होतो. इंजिनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारं अ‍ॅप. कधी धड चाललंच नाही.

कोड लिहायच्या एडिटरमध्ये सगळे बदल टाकून द्यायचं बटण दाबलं. कोडचे जुने-नवे बदल जपून ठेवणाऱ्या गिटकडे ज्या फाइलची नोंद नसते, तिच्यापुढे एडिटर हिरवा U दाखवतो. तशी एकच होती, आवाजाची. त्यानं विचारलं, ही कायमची जाईल, चालेल?

नाव होतं 'चौक टेंपो'. म्हणून आधी लावून ऐकली.

चौक गावातलं आमचं गॅरेज. टेंपो धडधडतोय. बाबा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकायचे. "गप रं जरा, ऐकू दे." मग इंजिन बंद. "झालं का तुजं रेकॉर्डिंग? चल घरी, जेवण थंड व्हतंय."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नव्हता.

तुमच्याही कुठल्या फोल्डरात घरातलं कुणी असं बोलत पडलंय का? बघा एकदा.

तेव्हा फाइल मोठी म्हणून गिटमध्ये टाकली नव्हती. आज टाकली. टाकताना सोबत एक ओळ लिहावी लागते.

मी लिहिलं, "आलोच बाबा."