दार लावून पाहिलेली खोली

"खोली बघायची तर दार आतून लावून बघावी," असं आक्का म्हणायची. येता-जाता म्हणायची. कुणी लेकीसाठी आलेल्या स्थळाबद्दल विचारायला आलं तरी हेच, आणि बाजारात कुणी भोपळा ठोकून बघत असला तरी हेच. "उघड्या दारानं कुठलीही खोली हसतेच. मालक उभा असतो ना दारात! दार लावलं की मग ती खरं बोलायला लागते."

आक्का ही सुताराची थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा एक ट्रंक आणि भिंतीवरचा एक आरसा घेऊन ती भावाकडे आली आणि तिथलीच होऊन गेली. घर लहान. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि मधे जाणारा-येणारा बोळ. त्या बोळात तिची खाट पडली, खाटेवरच्या खिळ्याला आरसा लागला. सुतारानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "फळ्या मारून आडोसा करतो आक्का, छान दार बसवतो." पण सुताराचं काम ते, गिऱ्हाईक आधी आणि घर मागून. आळीतल्या निम्म्या घरांची दारं त्याच्या हातची होती. आडोसा तेवढा राहिला. पुढे सगळे विसरले, आणि आक्कानं कधी आठवण दिली नाही.

दर उन्हाळ्यात हे घर समुद्रावर जायचं. सुतार, त्याची बायको, त्यांची पोर आणि आक्का. पण आक्का आधी. आठवडाभर आधी ती एकटीच बसनं पुढे जायची, राहायची जागा पक्की करून यायची, आणि मग घर हलायचं. हा तिचा मान होता. त्यात कुणी हात घातला नाही.

तिची रीत ठरलेली. मालकानं खोली उघडून दाखवली की ती म्हणायची, "आता तुम्ही बाहेर थांबा." आत जायची, कडी लावायची. मग आतून काही ऐकू यायचं नाही. मालक ताटकळत उभा. एकदा सुतार बरोबर गेला होता तेव्हा तोही उन्हात पिशव्या धरून उभा राहिला होता. ती आत काय करायची? उशीला नाक लावायची. पलंगावर आडवी होऊन छताकडे बघायची. भिंतीला कान लावायची, कारण भिंत पातळ असली तर शेजाऱ्याचं घोरणं आपल्या उशीत येतं. आणि मग काहीच न करता नुसती बसायची. बाहेर आली की फार बोलायची नाही. "चालेल" किंवा "चला पुढे", एवढंच.

एका मोठ्या हॉटेलात दर्शनी भागात काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवले होते. मॅनेजर कौतुकानं ते दाखवत होता. आक्का खोली बघून बाहेर आली आणि म्हणाली, "मासे सुखात आहेत. माणसांचं काही सांगता येत नाही. चला पुढे."

मधे एका वर्षी सुताराच्या बायकोनं हट्ट धरला. "वन्सं, आता मोबाइलवर फोटो दिसतात. उगाच एक फेरी कशाला?" फोटोत खिडकी होती आणि खिडकीत निळाशार समुद्र. प्रत्यक्षात खिडकीत समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. सुतार मालकाशी भांडायला गेला तर मालक शांतपणे म्हणाला, "समुद्र दिसतो की! न्हाणीघरात बालदी पालथी घाला आणि वर उभे राहा." पोर खरोखर बालदीवर चढली आणि ओरडली, "दिसतो, दिसतो! पण एकाच डोळ्याला!" पुढच्या वर्षी भावजयीनंच आक्काची पिशवी भरून दिली.

तर असं हे सगळं चाललेलं. त्या वर्षीही आक्का पुढे गेली. जाताना ट्रंक घेऊन गेली. सुतार रंधा मारता मारता म्हणाला, "खोली बघायला ट्रंक कशाला?" ती म्हणाली, "परत परत कोण उचलणार? मी तिथंच थांबते, तुम्ही या." त्याला ते पटलं. मान वर न करता त्यानं पुन्हा रंधा लाकडावर टेकवला.

घर पोचलं तेव्हा दुपार कलली होती. जागा वस्तीच्या टोकाला होती, होड्या दुरुस्त करायच्या मैदानाच्या मागे. पांढरी भिंत, बाहेरून वर जाणारा दगडी जिना, अंगणात वाळत घातलेल्या चादरी. मालकीणबाई ऐसपैस, बोलक्या. त्यांनी खालची खोली उघडून दिली. एक मोठा पलंग, एक लहान पलंग. सुतारानं पाहिलं आणि म्हणाला, "एक पलंग कमी आहे."

"कमी कसा? तुम्ही तिघंच ना?"

"चौघं. बहीण आहे ना माझी!"

बायकोला हसू आलं. "अगंबाई! वन्सं चुकल्या! जन्मात पहिल्यांदा चुकल्या. स्वतःलाच मोजायचं विसरल्या."

मालकीणबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांची खोली वर आहे. त्यांनी तुम्हाला..." आणि वाक्य तसंच सोडून त्या चादरी काढायला निघून गेल्या.

सुतार जिना चढून वर गेला. वरचं दार अर्धवट उघडं होतं. आत आक्का खिडकीपाशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. आधी त्याला आरसा दिसला. तोच आरसा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. तो इथल्या भिंतीवर, इथल्या खिळ्याला. घरातून तो कधी गेला हे त्याला कळलंच नव्हतं. आठवडाभर तो त्या बोळातून दिवसातून कितीदा तरी गेला असेल. मग त्याला पलंगाच्या पायथ्याशी घडी घातलेली जाड रजई दिसली. हिवाळ्यातली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीला कुणी रजई आणत नाही.

"ही इथं कशाला?" त्यानं विचारलं.

"थंडीत लागेल," आक्का म्हणाली.

"कुठल्या थंडीत?"

"इथंही थंडी पडते रे धाकट्या. समुद्राचा वारा असतो."

एखाद्या फळीवर पाय द्यावा आणि ती खालून पोखरलेली निघावी तसं सुताराला झालं. पायाखालचं सगळं होतं तसंच दिसत होतं, आणि खाली काही नव्हतं.

आक्कानं दोरा दातानं तोडला. "मालकीणबाईंना गुडघ्यांनी जिना चढवत नाही. आलेल्या लोकांना खोल्या दाखवायला, चादरी-उशा बघायला माणूस हवं होतं. गेल्या वर्षी खोल्या बघत इथं आले होते, तेव्हाच विचारलं होतं त्यांनी. मी वर्षभर विचार केला. ही खोली आणि दोन वेळचं जेवण, वर हातखर्चाला थोडं. मी हो म्हणाले."

"वर्षभर? वर्षभर तू आमच्याबरोबर जेवत होतीस आणि..."

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?"

"काय कमी केलं आम्ही तुला?"

"काही कमी केलं नाहीस."

"लोक काय म्हणतील? बहिणीला म्हातारपणी घराबाहेर काढली म्हणतील!"

"म्हणू देत. लोकांचं बोलणं दार उघडं असेल तरच ऐकू येतं."

सुताराचा तोल गेला. तो वळला आणि निघता निघता त्यानं दार धाडकन ओढलं. ते लागलंच नाही. खाली उंबरठ्याला घासलं, करकरलं आणि अडून बसलं. त्यानं पुन्हा ओढलं, पुन्हा अडलं. राग राहिला बाजूला, आणि हात आपोआप दाराच्या कडेवरून फिरला.

"हे फुगलंय."

"ठाऊक आहे."

"तू खोली घेतलीस ती दार न बघता? तू?"

"बघूनच घेतली," आक्का म्हणाली. "बाकी सगळं चांगलं आहे. भिंत जाड आहे, वारा आहे. दार तेवढं लागत नव्हतं. म्हटलं, धाकटा येतोच आहे."

सुताराचा हात दाराच्या कडेवरच थांबला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच त्याला सोसेना. असता तर उलट भांडता आलं असतं. त्याच्या डोळ्यांपुढे घरचा बोळ आला. पहाटे कामाला निघताना तो तिच्या खाटेला वळसा घालून जायचा. पोर पाणी प्यायला उठायची ती खाटेला ठेचकाळायची. पाहुणे आले की खाट उभी करून ठेवली जायची आणि आक्काही उभीच राहायची. आणि ती दर उन्हाळ्यात आठवडाभर आधी का जायची, परक्या खोल्यांना आतून कडी लावून एवढा वेळ का बसायची, हे त्याला आता, त्या अडलेल्या दाराला हात लावून उभं असताना, कळलं.

तो खाली आला तेव्हा बायकोला मालकीणबाईंनी सांगितलेलं होतं. ती पलंगाच्या काठावर बसली होती. "पण सकाळी चहा कोण ठेवणार?" ती म्हणाली आणि स्वतःचंच वाक्य ऐकून तिनं तोंडावर हात धरला. मग जिन्याखाली जाऊन वर ओरडली, "वन्सं! मला तरी सांगायचं होतंत! मी काय परकी आहे?" आणि रडायला लागली.

"तुला सांगितलं असतं तर पोटात राहिलं असतं का गं?" वरून आवाज आला.

पोर तेवढी बधिर झाली नव्हती. ती जिन्यावर धावली. "आत्या, मी सुट्टीत इथं राहायला येऊ?"

"ये की. पण दार वाजवून यायचं."

सुट्टी झाली कशीबशी. सुतार पाण्यात उतरला नाही. वाळूत पाय पसरून बसायचा, आणि बायकोनं काही विचारलं की दुसऱ्याच कशाला तरी उत्तर द्यायचा. बहिणीशी एक शब्द नाही. निघायच्या सकाळी मात्र तो उठून होड्यांच्या मैदानात गेला. तिथं एक म्हातारा पाणी शिरू नये म्हणून उलट्या होडीच्या फटीत सूत ठोकत बसला होता.

"रंधा द्याल का थोडा वेळ?"

"हत्यार आणि बायको उसनी देत नाही आम्ही," म्हातारा म्हणाला. मग त्यानं सुताराच्या तळव्याचे घट्टे पाहिले. "कशाला हवाय?"

"दाराला."

"कुणाच्या?"

"बहिणीच्या," सुतार म्हणाला.

म्हाताऱ्यानं पुढे काही न विचारता रंधा दिला, पेचकसही दिला.

सुतारानं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, जिन्याच्या चौथऱ्यावर आडवं घातलं आणि रंधा चालवला. लाकडाची पातळ सालपटं वाऱ्यावर उडून अंगणात पडायला लागली. आक्का शेजारी उभी होती, एक टोक धरून.

"जास्त काढू नकोस," ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस," तो म्हणाला. तिला हसू आलं. त्याला आलं नाही. "पावसाळ्यात पुन्हा धरेल. तेव्हा कळव."

त्यानं दार चढवलं. आक्का आत गेली. दार लागलं, न करकरता. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. सुतार बाहेर जिन्यावर उभा राहिला, रंधा काखेत धरून, पूर्वी एकदा पिशव्या धरून उभा राहिला होता तसा. आतून काही ऐकू आलं नाही. खाली बायकोनं हाक मारली, बस येईल म्हणाली. तो हलला नाही.

मग कडी निघाली. आक्का दारात आली. डोळे ओले होते, चेहरा मात्र रोजचाच.

"चालेल," ती म्हणाली.

बस मैदानापलीकडच्या रस्त्यावर थांबायची. आक्का अंगणाच्या फाटकापर्यंत आली, पोरीचे केस सारखे केले, भावजयीचा हात हातात धरला. तिघं जाऊन बसमध्ये बसले, तेवढ्यात त्याच बसमधून उतरलेलं एक जोडपं बॅगा ओढत येताना दिसलं. मालकीणबाईंनी आतून किल्ल्या वाजवल्या. आक्कानं किल्ल्या घेतल्या आणि पाहुण्यांच्या पुढे चालायला लागली. मागे वळून ती त्या दोघांना काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते बसपर्यंत ऐकू आलं नाही, पण घरच्या तिघांनाही ते तोंडपाठ होतं.

बायको पिशवीत काहीतरी शोधण्याचं निमित्त करून दुसऱ्या खिडकीतून बघत होती. पोर हात हलवत होती. सुतारानं खिडकीच्या गजांना धरलं. आक्का जिना चढली, वरच्या मजल्यावरची पहिली खोली उघडली, पाहुण्यांना आत सोडलं आणि स्वतः बाहेर थांबून त्यांना दार लावून घ्यायला सांगितलं. बस वळेपर्यंत ती तशीच उभी होती. आणि बस वळल्यावरही तो तिकडेच बघत होता.