डॉक्टरीणबाईंची रेघ

माझा राग अख्ख्या दातिवऱ्याला माहीत होता, पण हे दवाखान्यात न्यायचं प्रकरण आहे असं आधी वाटलं ते माझ्या बायकोला. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी बोईसरच्या बाजारात तिथल्या कामगारांना सुकी मासळी विकत होतो. एक जण म्हणाला, "सेठ, थोडा कम करो," आणि मी तराजूच त्याच्या अंगावर फेकला. घासाघीस म्हणजे माझा जीव की प्राण, तिच्यावरून मी कधीच चिडलो नव्हतो. झोपही कधीची उडाली होती.

कारण मला ठाऊक होतं. थोरल्या भावाने नवी होडी पाण्यात लोटली तेव्हा तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायला मला बोलावलं नाही. त्या होडीची फळी न् फळी मी भाव पाडून आणली होती. नारळ फोडला त्याच्या जावयाने! एवढ्याशा गोष्टीने झोप जाते हे सांगायची मला लाज वाटायची, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं.

पालघरच्या एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाच्या आजारांची डॉक्टरीण बसायची. गोळ्या कमी, बोलणं जास्त. आपण बसलो की ती कागदावर वीतभर आडवी रेघ ओढायची. डावं टोक म्हणजे अगदी वाईट, उजवं म्हणजे उत्तम.

"गेला आठवडा कसा गेला? रेघेवर खूण करा."

उठताना दुसरी रेघ. "आजच्या बोलण्याचा काही उपयोग झाला का?"

मी पडलो धंद्याचा माणूस. पहिल्याच बोलीत खरं सांगितलं की आपण बुडालो. म्हणून पहिल्या रेघेवर दर वेळी अगदी डावीकडे खूण करायची, म्हणजे बाई जास्त मेहनत घेईल. दुसऱ्या रेघेवर मात्र पार उजवीकडे, कारण दुकानदाराला दुखावलं तर माल वाईट मिळतो.

सहा-सात आठवड्यांनी तिने ते सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले. चेहरा उतरला होता.

"तुम्हाला माझ्याकडून काडीचा गुण येत नाहीये. मला वाटतं, तुम्हाला ठाण्याला पाठवावं."

ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. मग माझ्या पोरींना स्थळं कोण आणणार?

बायको शेजारीच बसली होती. "डॉक्टरीणबाय, ह्यांचा काय ऐकता? आता रातचे असे घोरतात का मलाच झोप येत नाय. खरा भाव ह्यांनी देवाला पन सांगितला नाय कदी!"

"गप ऱ्हा तू!"

"मंग कदी बोलू? ठाण्याला डबा घेऊन येन तवा?"

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्याशी घासाघीस करत होतात?" मग ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आणि मी उजवीकडच्या खुणा बघून खूश होत होते! अहो, या खुणा तुम्हाला जोखायला नाहीत. माझं काय चुकतंय ते मला कळावं म्हणून आहेत."

तिने नवा कागद पुढे सरकवला. आमच्या मालाला नावं ठेवा म्हणून गिऱ्हाइकाला विनवणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या रेघेवर मी खरी खूण केली, मधल्यापेक्षा बरीच डावीकडे.

"काय राहिलं माझ्याकडून?"

"दर खेपेला झोपेचंच विचारता. होडीचं कधी विचारलं नाही."

"कुठली होडी?"

मग मी नारळाचं सगळं सांगितलं. टेबलावर मूठ आपटून सांगितलं, शेवटी रडलोही. तिने एकही उपदेश केला नाही. "तुम्हाला बोलवायलाच हवं होतं," एवढंच म्हणाली. हे मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग तिने पहिली रेघ पुढे केली. मी मधल्याच्या जरा उजवीकडे खूण केली.

"हा शेवटचा भाव?"

"शेवटचा."

ठाण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. भावाला मी आजही माफ केलेलं नाही, पण तराजू परत कुणावर फेकला नाही. शेवटच्या खेपेला तिच्यासाठी सुके बोंबील नेले. फुकट घेईना म्हणून मी किंमत सांगितली, चांगली चढवून. तिने एक अक्षर न बोलता तेवढे पैसे काढले. इतकी हुशार बाई, पण बाजारात अगदीच कच्ची. मलाच तिच्या वतीने भाव पाडावा लागला.