इटलीला जाण्याची माझी जय्यत तयारी

पंच्याहत्तरच्या सुमाराला सांगलीतल्या आमच्या कारखान्यानं मला नवी यंत्रं शिकायला इटलीला पाठवायचं ठरवलं, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हवा गेली. अजून पासपोर्टचा पत्ता नव्हता, तरी मी लोकांना परदेशप्रवासाचे सल्ले देऊ लागलो. व्हिसा कसा काढतात, परकीय चलनाची परवानगी कशी मिळते, देवीची लस टोचल्याचा दाखला नसेल तर विमानतळावरूनच कसं परत धाडतात, हे चहाच्या गाड्यावर मी इतक्या तावातावानं सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गडी दर शनिवारी रोमला जाऊन येतो. खरं तर तोवर माझी धाव महाबळेश्वरापलीकडं गेली नव्हती.

निघण्याआधी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी निरोप घ्यायला गेलो. आमचे आप्पा, म्हणजे वडील, पलटणीतले हवालदार. मोठ्या लढाईत इटलीतच लढून आलेले. घरात इटली पाहिलेला माणूस बसलाय, आणि मी शहाणा त्यालाच व्हिसा समजावून सांगायला लागलो!

"आमाला कुटला आलाय व्हिसा?" आप्पा म्हणाले. "बंदुका घिऊन उतरलो. तू फकस्त सडक सोडून गवतात पाय टाकू नगंस. सुरुंग असत्यात."

"आवं आप्पा, तीस वर्सं झाली आता!"

"सुरुंगाला काय ठावं?"

मी पोट धरून हसलो. मग त्यांनी खरं काम सांगितलं. शेजारच्या काकींचे मालक आप्पांच्याच तुकडीत होते, ते तिकडंच पडले. तिथं एका दगडावर आपल्या जवानांची नावं कोरली आहेत म्हणे. "तेवढं नाव बगून ये," आप्पा म्हणाले. "डोळ्यानं बगून आल्यालं तिला आजवर कुनी सांगितलं न्हाई." काकी दाराशी उभ्या होत्या. पुढं होऊन देवाच्या अंगाऱ्याची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. "ह्ये काय सांगायचं काम झालं?" असं ऐटीत म्हणून मी निघालो.

तिकडं एका रविवारी आगगाडीनं, मग बसनं, हातवारे करत, विचारत विचारत त्या ठिकाणी पोचलो. दगड सापडला. नावंही होती, ओळीनं. पहिल्या नावावर बोट ठेवलं, आणि तिथंच अडलं. शोधायचं कुठलं नाव? ते मला माहीतच नव्हतं! आप्पा त्यांना 'पैलवान' म्हणत, आम्ही पोरं 'नाना'. काकी तर नवऱ्याचं नाव तोंडातून काढणाऱ्यातल्या नव्हत्याच. आडनावावरून ओळखावं, तर आमचं अख्खं गाव एकाच आडनावाचं, आणि त्या दगडावर ते आडनाव जागोजागी. कागदपत्रं सगळी छातीशी चोख, आणि ज्याच्यासाठी आलो त्याच्या नावाचा पत्ता नाही! अरे गाढवा, म्हटलं, बापाला तेवढं विचारायला तुझी जीभ झडली होती काय? शेवटी ते आडनाव दिसेल तिथलं प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं, दगडाच्या पायाशी अंगारा ठेवला आणि तोंड पाडून परत आलो.

गावी पाऊल टाकलं, तर काकी आमच्या घरापुढच्या सोप्यात येऊन बसलेल्याच.

"दिसलं का रं नाव?"

"दिसलं की काकी. झकास कोरलंय," मी ठोकून दिलं.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मग म्हन की एकदा. त्ये गेल्यापास्नं ह्या गावात कुनी त्येंचं नाव घेतल्यालं मी ऐकलं न्हाई."

मी आप्पांकडं पाहिलं. ते तंबाखू मळायचे थांबून कौतुकानं माझ्याकडं बघत होते. आता लेक सांगणार म्हणून. सांगलीभर तोंड वाजवणारा मी, खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागलो.

काय घोटाळा झालाय ते काकींच्या ध्यानात आलं असावं, पण त्या रागावल्या नाहीत. भिंतीकडं तोंड फिरवून, हळू पण स्पष्ट, त्यांनीच ते नाव घेतलं, आडनावासकट.

आणि मला ते आठवलं. तिसऱ्या ओळीत होतं.

"व्हय काकी," मी म्हणालो, "हाय. वाचलंय मी त्ये."

"मोठ्यानं वाचलंस?"

"मोठ्यानं."

तेव्हा कुठं काकी रडल्या.