दाऊदने न उच्चारलेला शब्द

दाऊदभाई गेल्याचं मला म्हसळ्याच्या बाजारात कळलं आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी राग आला. आमचं कित्येक वर्षांचं भांडण मिटायचं होतं, आणि हा गृहस्थ साध्या तापाचं निमित्त करून खुशाल चालता झाला! लोकांचे ते दाऊदभाई कंत्राटदार. माझा शाळेपासूनचा दाऊद. मी त्याचा वकील. असला अशील वैऱ्यालाही मिळू नये.

खाडीच्या तोंडाशी धक्का बांधायचं कंत्राट लोकल बोर्डाने त्याला दिलं. काम बोर्डाच्या ताब्यात जाईपर्यंत जे मोडेल ते कंत्राटदाराने पदरच्या पैशाने पुन्हा बांधायचं, असं करारात कलम होतं. सही करू नकोस म्हटलं, तर केली! निदान विमा तरी उतरव म्हणून डोकं आपटलं, तेव्हा कुठे मुंबईच्या एका कंपनीचा विमा उतरवला. तुफानाने झालेलं नुकसान कंपनी देणार होती, उधाणाचं नाही. आणि दिवाळीच्या सुमारास तुफान झालंच. माड आडवे झाले, कौलं उडाली, निम्मा धक्का खाडीत गेला. कंपनी म्हणाली, त्या दिवशी अमावास्या होती, उधाणाने गेला. आम्ही अलिबागच्या कोर्टात दावा लावला. दाऊदने पिंजऱ्यात उभं राहून एक शब्द बोलायचा होता, बस्स.

"धक्का कशाने पडला?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"पाणी वाढलं."

"तुफान होतं?"

दाऊद गप्प. शेवटी जज्जसाहेबांनी स्वतः विचारलं. हा खाली मान घालून म्हणतो, "वारा होता, साहेब. जास्त न्हाय बोलणार." मी कपाळावर हात मारून घेतला... दावा तिथेच बुडाला.

बाहेर व्हरांड्यात मी त्याचा दंड धरला. "अरे, तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"इस्माईल दर्यावर हाय," तो म्हणाला.

इस्माईल त्याचा धाकटा भाऊ, गलबत घेऊन बसऱ्याला गेलेला. घरचं माणूस दर्यावर असेतो तो शब्द तोंडातून काढायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. मी ओरडलो, "मग मला आधी सांगायचंस! पुढची तारीख मागितली असती!"

"सांगायचं म्हंजे तो शब्द बोलायलाच लागला असता ना?"

आता ह्या माणसाचं काय करायचं सांगा! नारळाची वाडी विकून त्याने धक्का पुन्हा बांधला. इस्माईल खजुराच्या करंड्या घेऊन हसत परत आला. पुढे जेव्हा जेव्हा मी विषय काढला, तेव्हा दाऊदचं एकच, "पण इस्माईल आला ना?" अरे, तो येणारच होता! "हे तुला कोर्टात साबीत करता येईल काय?" म्हणायचा, आणि वर मलाच चहा पाजायचा.

तो गेला त्याच आठवड्यात त्याच्यावर लिहायला बसलो. धक्का पडला त्या वाक्यापाशी आलो आणि लेखणी अडली. माझा थोरला तेव्हा मोंबासाहून निघालेल्या बोटीवर होता. मी कायदा शिकलेला माणूस, ह्या खुळापायी दाऊदला जन्मभर शिव्या घातलेला! लिही की गाढवा, असं स्वतःला म्हणालो... आणि "पाणी वाढलं" असं लिहिलं. मग कागद फाडला आणि गुपचूप उठलो.

मुलगा परवा बंदरात उतरला. म्हणून आज लिहितो आहे.